‘फंडेड’ म्हणजे नेमकं किती?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

सर, नमस्कार. मी 26 वर्षांची, बीड जिल्ह्यातली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं. सध्या एका वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन प्रकल्पावर डेटाचं काम करते. पगार 22 हजार, करार अकरा महिन्यांचा. मागच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची जाहिरात पाहिली. आरोग्य अर्थशास्त्राच्या पद्धतींवर साडेतीन वर्षांची ‘फंडेड’ पीएच.डी. आहे. विषय असा की, औषधाच्या चाचणीत रुग्णांना चार-पाच वर्षंच पाहिलेलं असतं, तर त्यांच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज कसा बांधायचा. अर्जाला पाच आठवडे उरलेत. मी अर्थशास्त्र बारावीलाही घेतलं नव्हतं. वडील म्हणतात, ‘चार एकर रान, भाव नाही म्हणून सोयाबीन घरात पडलेली, आणि तू विलायतेला निघालीस?’ आई स्थळं बघतेय. भाऊ म्हणतो, ‘डॉक्टर होणार, पण दवाखान्यातली नाही, मग उपयोग काय?’ एका सल्लागाराने ‘प्रोफेसरशी गाठ घालून देतो’ म्हणून 60 हजार मागितलेत. माझी मावशी ऊसतोडीला जाते. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मला वाटतं की या सगळ्याचा हिशोब कुणीतरी नीट मांडला पाहिजे. पण तिकडं शिकलेलं इकडं कामाला येईल का? अर्ज करू का?

उत्तर

पोरी,

आधी साठ हजारांचं मिटवू. देऊ नकोस. पीएच.डी.च्या जाहिरातीत मार्गदर्शकाचं नाव आणि ई-मेल दिलेला असतो, तो ‘शंका असल्यास विचारा’ म्हणूनच. तिथं गाठ घालून द्यायला मध्ये कुणी लागत नाही. आपल्याकडं आरटीओपासून तहसीलपर्यंत मधला माणूस धरायची सवय पडलीय, म्हणून असे सल्लागार चालतात. ते साठ हजार पुढं लागणारच आहेत, कुठं ते सांगतो.

आता ‘फंडेड’. हा शब्द वाचून तुझे डोळे चमकले असतील. माझेही चमकले असते, कारण माझी पीएच.डी. सगळी खिशातून झाली. नोकरी सांभाळून साडेसहा वर्षं. प्रबंधाच्या बाइंडिंगपासून तोंडी परीक्षेला आलेल्या पाहुण्यांच्या जेवणापर्यंत सगळं माझ्या पगारातून गेलं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, जेवण चांगलं होतं एवढंच सांगतो. त्यामुळं कुणी शिकायचे पैसे देतंय म्हटलं की मीही हुरळतो. पण या शब्दाच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या सुट्या करून बघाव्या लागतात.

पहिली म्हणजे स्टायपेंड. ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधी संस्थेने, यूकेआरआयने, 2025-26 साठी किमान स्टायपेंड वर्षाला 20,780 पौंड ठेवला होता, म्हणजे महिन्याला 1,731 पौंड. त्यावर कर नाही. पौंड 115 रुपयांना धरला तर वर्षाचे चोवीस लाखांच्या आसपास होतात. हा आकडा घरात सांगू नकोस. सांगितलास तर भाऊ त्याच दिवशी ट्रॅक्टरचं कोटेशन घेऊन येईल. तिकडं एका खोलीचं भाडंच महिन्याला पाच-सहाशे पौंड सहज जातं. खाणंपिणं, बस, थंडीचे कपडे हे वेगळंच. एकटीचं नीट भागतं, जपून राहिलीस तर थोडं शिल्लक पडतं, एवढंच धर.

दुसरी फी, आणि फसगत होते ती इथं. तिथं स्थानिक विद्यार्थ्याला एक फी आणि परदेशी विद्यार्थ्याला दुसरी. स्थानिक फी वर्षाला पाच हजार पौंडांच्या घरात असते, परदेशी फी वीस हजारांच्या पुढंही जाते. जाहिरातीत ‘फी दिली जाईल’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘स्थानिक दराने’. समजा परदेशी फी 25 हजार आहे आणि देणारा पाचच हजार देणार. मग वर्षाला 20 हजारांची खोट, साडेतीन वर्षांत 70 हजार पौंड, म्हणजे आपले ऐंशी लाख. चार एकर विकून तरी तेवढे उभे राहतील का? जागा यूकेआरआयच्या थेट पैशातली असेल तर फीतला फरक विद्यार्थ्याकडून घेत नाहीत. पण तिथं परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा तीस टक्क्यांवर अडवलेला आहे, म्हणून चुरस जास्त. जागा विद्यापीठाच्या स्वतःच्या किंवा एखाद्या ट्रस्टच्या पैशातली असेल, तर ज्याचा त्याचा नियम वेगळा. तेव्हा जाहिरातीत ‘होम’, म्हणजे स्थानिक, हा शब्द शोध. तो कुठं आणि कशाला चिकटून आलाय ते बघ. अर्ज करायचा की नाही हे निम्मं तिथंच ठरतं.

तिसरी गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते, ती म्हणजे विमानात बसण्याआधीचा खर्च. व्हिसाचे पाचशेच्या वर पौंड. त्यावर तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठीचा अधिभार, 2024 पासून विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकरकमी आगाऊ भरायचा. साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वरचे काही महिने मिळून चार वर्षांचा धर, 3,104 पौंड. भारतातून जाणाऱ्याला टीबीची तपासणी लागते. इंग्रजीची परीक्षा, विमानाचं तिकीट, खोलीची अनामत. सगळं मिळून पहिला स्टायपेंड हातात पडण्याआधी पाच-साडेपाच लाख लागतात. सल्लागाराला द्यायचे साठ हजार इथं कामाला येतील. काही विद्यापीठं व्हिसा आणि अधिभाराचे पैसे परत देतात, काही आगाऊ देतात. विचारलं तरच कळतं, आणि विचारण्यात कमीपणा नाही.

हे झालं पैशाचं. आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडं येतो, तिकडं शिकलेलं इकडं कामाला येईल का.

तुझ्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी झाली. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट, आणि चार पद्धती. काही गटांत एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग ज्याने होतो त्या विषाणूची चाचणी, काहींत पॅप, म्हणजे पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि काही गटांत तपासणीच नाही, फक्त नेहमीच्या सोयी. आठ वर्षं पाठपुरावा झाला. 2009 साली निकाल छापून आला. एचपीव्ही गटातल्या 34,126 बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू, तपासणी नसलेल्या गटातल्या 31,488 बायकांत 64. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या तज्ज्ञांनी हे आकडे वापरले. त्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावरही जगभर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

हे तुला का सांगतोय? सरकार विचारणार, ही तपासणी जिल्ह्या-जिल्ह्यात करायची तर पैसे किती लागतील आणि पदरात काय पडेल? पैसे मोजता येतात. पदरात काय पडतं ते मोजणं अवघड. जी बाई 2005 साली चाळिशीत वाचली, ती आज साठीची आहे. तिला मिळालेली वर्षं आठ नाहीत, तीस किंवा पस्तीस असतील. पण चाचणी आठ वर्षांवर थांबली. पुढची वर्षं कुणी पाहिलेली नाहीत, ती अंदाजानेच धरावी लागतात. तुझ्या जाहिरातीतला विषय नेमका हाच आहे.

तुझ्या पोतडीत यातली अर्धी अवजारं आहेत. किती रुग्ण किती काळ जगले ते दाखवणारा कॅप्लन-मायरचा आलेख तू एम.एस्सी.ला काढलेला असणार. (तो निबंध 1958 चा. आपलं मराठवाडा विद्यापीठही 1958 चं. वर्गात हे सांगितलं की पोरांच्या लक्षात राहायचं.) 1972 चं कॉक्सचं मॉडेलही झालं असेल. आता असं बघ. एका औषधाच्या चाचणीत चार वर्षांपर्यंतचा आलेख हाती आहे. त्याला तू घातांकी वक्र बसवलास, मैत्रिणीने वायबुल बसवला, तिसरीने गोम्पर्ट्झ. चार वर्षांपर्यंत तिन्ही वक्र एकमेकांवर पडतात, कुणाला नावं ठेवायला जागा नाही. पण चार वर्षांच्या पुढं एक वक्र म्हणतो रुग्ण सरासरी सहा वर्षं जगेल, दुसरा म्हणतो अकरा. जून-जुलैचा पाऊस बघून सप्टेंबरचा सांगायचा म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं ते तुला सांगायला नको. फरक एवढाच की इथं सहा धरलं तर औषध महाग ठरून नाकारलं जातं, आणि अकरा धरलं तर मंजूर होतं.

ही हवेतली गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये 1999 साली नाईस नावाची संस्था उभी राहिली. सरकारी दवाखान्यांनी कुठल्या औषधावर पैसे खर्चावेत हे ती सांगते. तिचं माप म्हणजे क्वाली. पूर्ण निरोगी असं एक वर्ष म्हणजे एक क्वाली, अर्ध्या तब्येतीचं वर्ष म्हणजे अर्धी. एका क्वालीमागे 20 ते 30 हजार पौंड ही पट्टी त्या संस्थेने वर्षानुवर्षं वापरली. आपल्याकडंही केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली अशा मूल्यमापनाची यंत्रणा आहे आणि तिथं एका क्वालीचा खर्च दरडोई उत्पन्नाशी ताडून बघतात. म्हणजे कुठल्या उपचाराला सरकारी पैसा मिळावा यावरच्या कागदांत हे वक्र आता इथंही घुसलेत. ते काढणारी माणसं मात्र मोजकीच आहेत.

यातलं एक गणित तुझ्या वडिलांना सांगून बघ, त्यांना चटकन कळेल. पुढं मिळणारं वर्ष आज कमी धरतात. भारतातल्या अभ्यासांत दर साल तीन टक्के कापतात. त्या हिशोबाने तीस वर्षांनी मिळणारं एक अख्खं वर्ष आज धरलं जातं 0.41 वर्ष, म्हणजे पाच महिने. इंग्लंडच्या साडेतीन टक्क्यांनी तर चारच्या थोडं वर. सावकाराचं व्याज उलट्या अंगाने चालवलं की हे होतं. त्या दरातल्या अर्ध्या टक्क्यावर विद्वान लोक आयुष्यभर भांडतात. मला ते भांडण मोलाचं वाटतं, कारण दर जितका चढा तितकं तरुणपणी केलेल्या तपासणीचं मोल घटतं.

आता मावशीकडं येतो. तू पत्रात तिच्यावर एकच ओळ लिहिलीस, पण सगळं पत्र तिच्यासाठी लिहिलंयस असं मला वाटलं.

2019 साली राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. यातल्या कितींना खरंच गरज होती हा डॉक्टरांचा प्रश्न. पण त्यामागचा हिशोब काय होता? पाळीत काम चुकलं की खाडा, खाडा पडला की मुकादमाचा दंड, आणि उचल तर आधीच घेऊन खर्च झालेली. एका ऑपरेशनने दरमहाचा खाडा मिटतो, असा तो हिशोब. मावशीने किंवा तिच्या घरच्यांनी तो मनातल्या मनात मांडलाच होता. त्यात पुढच्या वीस वर्षांची कंबर आणि हाडं धरलेली नव्हती, कारण ती कुणी समोर मांडलीच नाहीत.

माझा एक अनुभव सांगतो. एका ओळखीच्या डॉक्टरांच्या प्रबंधासाठी प्रश्नावली भरून घ्यायला मी एकदा ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेलो होतो. तब्येत मोजायची जगभर चालणारी एक प्रश्नावली आहे, ईक्यू-5डी. पाच प्रश्न: चालणं-फिरणं, स्वतःचं स्वतः आवरणं, नेहमीची कामं, दुखणं, आणि चिंता-उदासी. प्रत्येकाला पाच पायऱ्या, म्हणून पाचाचा पाचवा घात, 3,125 तऱ्हेच्या तब्येती. समोर तिशी-पस्तिशीची बाई, मांडीवर पोर, हातावर उसाच्या पानांचे ओरखडे. मी विचारलं, ‘नेहमीची कामं करताना काही अडचण येते का?’

‘नाही.’

‘कंबर दुखते म्हणालात ना आत्ताच?’

‘दुखती की. पण काम कुठं थांबतंय? थांबलं की खाडा.’

मी ‘काही अडचण नाही’वर खूण केली. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. परत येताना मोटरसायकलवर एकच विचार डोक्यात होता. या कागदावर ही बाई माझ्यापेक्षा निरोगी ठरतेय, कारण मला ‘नेहमीची कामं’ थांबवायची चैन परवडते. चिंता-उदासीच्या प्रश्नाला तर ती नुसती हसली.

त्या 3,125 तब्येतींपैकी कुठली किती वाईट, याचं वजन लोकांना विचारून ठरवतात. भारताची स्वतःची वजनं चंडीगढच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या मंडळींनी 2022 मध्ये छापली. त्याआधी आपल्याकडचे अभ्यासक परदेशी वजनं उसनी घेऊन चालवत होते. म्हणजे कालपरवापर्यंत ऊसतोडीतल्या बाईच्या कंबरेचं दुखणं परक्या तराजूत जात होतं. ‘पद्धती’ या रुक्ष शब्दाखाली असली कामं येतात: तराजू बनवणं, तपासणं, त्याचा काटा कुठं अडकतो ते शोधणं. तुझ्या भावाला सांग, दवाखान्यातली डॉक्टर एका वेळी एक पेशंट बघते. या दुसऱ्या डॉक्टरच्या वहीतली एक चूक हजारोंना भोवते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. उपयोग काय म्हणतो? धोका केवढा ते विचार म्हणावं.

अर्थशास्त्र नाही म्हणून घाबरू नकोस. पद्धतींवरच्या कामात संख्याशास्त्रवाले, गणितवाले, फार्मसीवाले सगळे येतात. अर्थशास्त्र शिकलेल्याला सर्व्हायव्हल ॲनालिसिस, म्हणजे रुग्ण किती काळ जगतात याचं संख्याशास्त्र, नव्याने शिकावं लागतं, तुला अर्थशास्त्राची दोन-चार प्रकरणं शिकावी लागतील. माझ्या मते तुझं ओझं हलकं आहे. मात्र ‘मला या विषयाची लहानपणापासून आवड होती’ असलं काही अर्जात लिहू नकोस. लहानपणी कुणालाही याची आवड नसते.

त्यापेक्षा येत्या दोन आठवड्यांत एक छोटं काम करून ठेव. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा तुला येतंच. तीन खोल्यांचं मॉडेल बांध: निरोगी, आजारी, मृत. दर वर्षी किती जण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात ते आकडे घाल, प्रत्येक खोलीला खर्च आणि क्वाली लाव, तीस वर्षं चालव. मग तेच आकडे थोडे थोडे हलवून हजार वेळा चालव आणि उत्तर किती डगमगतं ते बघ. धाराशिवच्या चाचणीचे आकडे छापलेले आहेत, त्यांवरच कर. मोडकंतोडकं झालं तरी चालेल. कुठं मोडलं आणि का मोडलं हे मुलाखतीत सांगता आलं, की गुणपत्रिका कुणी उलगडून बघत नाही.

मग मार्गदर्शकाला मेल. दीडशे शब्दांच्या वर नको. आपली पोरं ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरू करून सात ओळी नमस्कारातच घालवतात. तू कोण, काय येतं, त्यांचा एखादा निबंध वाचून पडलेला एक खरा प्रश्न, आणि खाली तीन व्यवहाराचे प्रश्न: परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी यात धरलीय का, व्हिसा आणि अधिभाराचे पैसे कोण देतं, साडेतीन वर्षांपुढं काम लांबलं तर स्टायपेंडचं काय. शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि प्रबंध लांबतोच. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर. तरीही नाही आलं, तर तेही उत्तरच. साडेतीन वर्षं त्याच माणसाच्या मेलची वाट बघायची आहे.

इंग्रजीची परीक्षा लगेच बुक कर. बहुतेक ठिकाणी आयईएलटीएसला साडेसहा किंवा सात मागतात. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळं यंदा नाही जमलं तरी वाया जात नाही. दोन शिफारसपत्रं लागतील. एक एम.एस्सी.च्या सरांकडून, दुसरं सध्या ज्यांच्या प्रकल्पावर आहेस त्यांच्याकडून. त्यांना ‘पत्र द्या’ म्हणून मोकळी होऊ नकोस. तू काय काय केलंस ते अर्ध्या पानात लिहून दे, नाहीतर ‘शी इज सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’ येईल आणि संपेल.

वडिलांचं. त्यांना क्वाली, वायबुल काही सांगू नकोस. त्यांनी सोयाबीन घरात ठेवलीय म्हणतेस. 2025-26 च्या हंगामाला सरकारी हमीभाव 5,328 होता. बाजारात भाव नाही, म्हणून थांबलेत. थांबण्यात काय काय जातं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे: पोत्यात घट येते, घराला पैसा लागतो, आणि भाव चढेलच याची हमी नाही. तरी रोज लातूरच्या आडतीला फोन लावत असतील, कारण फोनचा खर्च काहीच नाही आणि कळलेल्या भावाने फरक हजारोंचा पडतो. यालाच तुझ्या विषयात ‘माहितीचं मोल’ म्हणतात आणि त्यावर जाडजाड निबंध आहेत. वडील तो विषय रोज संध्याकाळी सात वाजता करतात.

म्हणून त्यांच्यापुढं एक कागद ठेव. आडतीच्या पट्टीसारखा, आकडे डावी-उजवीकडे. डावीकडं इथं राहिलीस तर चार वर्षांत पगार किती, करार मोडण्याची भीती किती. उजवीकडं आधीचे पाच लाख, मग दरसाल काय, आणि शेवटी काय. अर्ज करायला काहीच लागत नाही किंवा किरकोळ लागतं, हे वर ठळक लिही. आज तू त्यांच्याकडं पाच लाख मागत नाहीयेस, पाच आठवडे मागतेयस. निवड झाली आणि फी पूर्ण निघाली, तरच पुढचं बोलू म्हणावं. फी अर्धीच निघत असेल, तर तू स्वतःच नको म्हण. त्या वेळी कर्ज काढून जाऊ नकोस, हे मी जरा जोर देऊन सांगतोय. पदवीनंतर नोकरी लागते, पण ऐंशी लाख फेडण्याइतकी आणि लगेच, असं मी तरी लिहून देणार नाही.

आईचं सोपं आहे. 2024 पासून तिकडं शिकायला जाणाऱ्यांत बहुतेक करून संशोधनवाल्यांनाच जोडीदार सोबत नेता येतो, एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांना सहसा नाही. स्थळं बघू दे त्यांना. बायकोमागे इंग्लंडला यायला कोण तयार होतो ते तरी कळेल, चाळणी चांगली आहे.

आणि हे एकच दार नाही. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37 हजार आणि पुढं 42 हजार, वर घरभाडं. मुंबईत देवनारची आयआयपीएस आहे, देशाची कुटुंब आरोग्य पाहणी करणारी. चंडीगढचं पीजीआय आहे. तुझी जात मी विचारत नाही, पण बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी जिथं बसत असशील तिथल्या फेलोशिपचे आणि राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीचे नियम एकदा वाच. कुठल्याही फेलोशिपचा हप्ता महिन्याच्या एक तारखेला पडेल असं धरून मात्र घरभाड्याचा करार करू नकोस. मला विचारशील तर हा अर्ज आणि नेट दोन्ही लाव. अभ्यास एकमेकांत बराच मिसळतो.

नोकरी आत्ता सोडू नकोस. सरांना सांगितल्याशिवाय शिफारस मिळणार नाही, म्हणून त्यांना सांग, बाकी ऑफिसात नको. मेलचा मसुदा लिहून झाला की पाठवण्याआधी मावशीला एकदा मराठीत सांगून बघ, तू काय मोजायला निघालीयस ते. ती कुठं ‘म्हंजी?’ म्हणते तिथं खूण कर आणि ते वाक्य बदल. मेल रविवारी रात्री लिहून ठेव, सोमवारी आपल्या दुपारी दोनच्या सुमाराला पाठव. तिकडं तेव्हा सकाळचा चहा चालू असतो.